चार बोटांचं अंतर

आमच्या सासूबाई एक म्हण सारखी म्हणायच्या. डोळ्यात अन् कानात चार बोटांचं अंतर असतं. कानावर आलेलं सोडून द्यायचं, डोळ्यानं पाहिलेलं धरायचं. त्या गेल्या आणि ती म्हण माझ्या तोंडात येऊन बसली. मी ती इतकी वापरली की गावातली पोरं मला पाहिलं की लांबूनच चार बोटं दाखवायची. मला राग यायचा नाही. उलट गर्व होता, आता कबूल करायला काय जातंय.

मी अंगणवाडी सेविका. माहेर दिंद्रुडचं, सासर केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या बाजारात चालत जाता येतं एवढ्या अंतरावरचं. वीस-बावीस वर्षं लेकरांना खिचडी घालतेय, वजनं घेतेय, गरोदर बायांच्या मागं लागून सुया घ्यायला लावतेय. त्यामुळं गावात काहीही उठलं की ते माझ्या दारावरून गेल्याशिवाय राहत नाही. आणि दारात आलं की मी त्याला अडवून एकच विचारायची, कुणी पाह्यलं? सांगणारी म्हणायची, माझ्या नणंदेच्या जावेनं. मग त्या जावेला फोन. ती म्हणायची, मी न्हाई बाई, आमच्या शेजारणीच्या भावानं. आणि त्या भावानं मोबाईलवर पाहिलेलं असायचं. म्हणजे कुणीच पाहिलेलं नसायचं. अफवेला नेहमी पाव्हण्याचा पाव्हणा लागतो, सख्खं माणूस कधी सापडत नाही.

लेकरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली त्या साली माझं फार चाललं. मोबाईलवर एक आवाज फिरत होता, कुणीतरी बाप्या रडत सांगत होता की दिंद्रुडला भरदिवसा तीन लेकरं उचलली. मी लगेच माहेरी भावाला फोन लावला. तो हसायलाच लागला. म्हणाला, अक्का, इथं तर म्हणतेत की तुमच्या युसूफ वडगावला उचलली. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गावाला घाबरत बसली होती.

त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई पारापाशी लोकांच्या तावडीत सापडली. पाठीवर बोचकं, दुसऱ्या मुलखाची बोली, एवढ्यावरच लोकांनी ठरवून टाकलं. कुणीतरी ओरडलं, काय बघतो रे, धर तिला. दोघांच्या हातात काठ्या होत्या. मी हातातला खिचडीचा झारा घेऊन तशीच गेले आणि तिच्या पुढं उभी राहिले. म्हटलं, ज्याचं लेकरू गेलंय त्यानं पुढं यावं आणि लेकराचं नाव सांगावं. कुणी पुढं आलं नाही. मी बोचकं सोडून दाखवलं, त्यात आमच्याच गावातल्या बायांच्या फाटक्या साड्या निघाल्या. एकदोघांनी आपल्या बायकोची साडी ओळखली आणि मुकाट्यानं मागं सरकले. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय माणसाला. त्या दिवसापासून मात्र अंगणवाडीची बाई म्हणेल ते खरं, असं गावात ठरून गेलं. मलाही तेच वाटायला लागलं.

आता धाकटीचं सांगते. माझ्या दिराची बायको. आम्ही घरात तिला धाकटीच म्हणायचो, ती मला अक्का. लग्न होऊन आली तेव्हा ओठावरचं दूध वाळलं नव्हतं. तिला वेणी घालायला मी शिकवलं आणि भाकरी थापायलाही मीच शिकवलं. एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या बोलण्यात माणसं नसतात, कोयते असतात. त्यातला अर्धा घरी बसला तर दुसराही बसला. म्हणून अंगात ताप असो, पाळी असो, बाईनं उसात उभं राहायचंच. लेकरं मात्र तिनं कधी नेली नाहीत. ती माझ्यापाशी राहायची, माझ्या हातची खाऊन शाळेत जायची. माझा एकुलता एक पुण्याला कंपनीत, त्यामुळं माझं घर त्या दोघांनीच भरायचं.

तिला अंगावरून पांढरं जायला लागलं. मग पाळी महिन्यातून दोनदा येऊ लागली. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, कपडा धुवायचा कुठं आणि वाळवायचा कुठं. एका हंगामानंतर ती परत आली तेव्हा कमरेतून वाकून चालत होती. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात दिरानं नेलं. तिथं पोटाची सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाले, गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल. धाकटीचं वय तेव्हा सव्वीस.

दीर घाबरून गेला होता. ती मात्र माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, तू म्हणशील तसं. तू हो म्हण, मी जाते. तू न्हाई म्हण, मी न्हाई जात."

मी आपली रीतीप्रमाणं चौकशीला निघाले. गावात अजून कुणाला असं सांगितलंय का? आमच्या गल्लीतच चार बाया निघाल्या. इथं पाव्हण्याचा पाव्हणा नव्हता. एकीनं तर चुलीपुढून उठून, लुगडं बाजूला करून टाके दाखवले. चौघींनाही तेच सांगितलेलं, ठेवली तर कॅन्सर. चौघींनी काढली आणि चौघी माझ्यासमोर जिवंत उभ्या. कॅन्सर होणार होता, तो झाला नाही. मला यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे होता? माझ्या अकलेला हे सुचलं नाही की जो कधी येणारच नव्हता तो आला नाही, यात पुरावा कसला.

एकच माणूस उलट बोललं. गावची जुनी सुईण, आता डोळ्यानं अधू झालेली, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. मी तिच्या ओसरीवर टेकले तर ती म्हणाली, "पोरी, समद्यांच्याच पिशव्या कशा सडतील? आंब्याच्या आढीतबी समदे आंबे सडत न्हाईत."

मी विचारलं, म्हातारे, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, कुणी न्हाई. तू काही पाह्यलंस का? न्हाई बाई, मला आता दिसतंय कुठं. मग कशावरून म्हणतेस? तर म्हणाली, मला वाटतंय. मी उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनात म्हणाले. एकीकडं चार बायांचे टाके आणि दुसरीकडं एका आंधळ्या म्हातारीचं वाटणं. माझ्या कसोटीनं तीच अफवा ठरली.

घरी येऊन मी धाकटीला सांगितलं, जा.

ऑपरेशनच्या दिवशी मी संगं होते. दुपारचं ऊन, बाहेरच्या बाकड्यावर आमच्यासारखीच माणसं डबे घेऊन बसलेली. आतून नर्स आली आणि म्हणाली, नातेवाइकांनी बघून घ्या. दिरानं तोंड फिरवलं, त्याला रक्त बघवत नाही. मग मीच गेले. एका स्टीलच्या ट्रेमध्ये ती ठेवलेली. मुठीएवढी, पांढरट गुलाबी, रक्तानं माखलेली, एका बाजूला काळपट. डॉक्टर म्हणाले, बघा कशी झालीय. मी पाहिलं. मी म्हणाले, होय साहेब, लईच खराब झालीय. हे माझे शब्द आहेत. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

नंतर कंपाउंडरनं ती प्लास्टिकच्या बरणीत घालून आमच्या हातात दिली आणि तपासायला कुठं द्यायची ते सांगितलं. दिरानं मान हलवली. पण रस्त्याला लागल्यावर म्हणाला, आपल्या माणसाच्या अंगाचा भाग परक्या गावात कचऱ्यात टाकायचा का? आमच्याकडं लेकराची नाळ शेतात पुरतात. धाकटीच्या दोन्ही लेकरांची नाळ आमच्या बांधावरच्या लिंबाखाली पुरलेली. त्यानं बरणीही तिथंच पुरली, वर हळद-कुंकू टाकलं. मी त्याला अडवलं नाही. तपासायचं कशाला, मी पाहिलंच होतं की.

मग बाया माझ्याकडं यायला लागल्या. बाई, खरं हाय का, पिशवी खराब होती का? मी सांगायची, अगं डोळ्यानं पाह्यलीय मी, काळी पडलेली. काळपट कधी काळी झाली आणि काळी कधी सडकी झाली, ते माझं मलाच कळलं नाही. पुढच्या दोन वर्षांत आमच्या गावातल्या आणखी तिघी जाऊन आल्या. त्यातली एक वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, तुमी पाह्यलं म्हणल्यावर आमी कशाला शंका घेऊ. मला बरं वाटलं होतं.

धाकटी मात्र सावरली नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी तिचे गुडघे धरले. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, पदरानं वारा घेत बसायची, मग एकदम थंडी वाजायची. कधी काही कारण नसताना रडायची. तरी दिवाळीनंतर ट्रकवर चढायची आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, दुखतंय तर दुखू दे, जीव तर वाचला. आमच्या अक्कानं वाचवला.

मग सरकारकडून पाहणी सुरू झाली. ज्यांच्या पिशव्या काढल्यात अशा बायांची यादी करायचं काम आमच्यावर आलं. मी नावं लिहीत गेले आणि पान भरल्यावर पहिल्यांदा त्या म्हातारीची आढी आठवली. तपासणीला तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. मी धाकटीची फाईल ट्रंकेतून काढून तिच्याकडं एकटीच घेऊन गेले. दोन वर्षं ती फाईल माझ्याच घरात, माझ्याच लग्नाच्या शालूखाली पडून होती. इंग्रजीत होती म्हणून मी कधी वाचून घेतली नव्हती.

तिनं सोनोग्राफीचा कागद पाहिला. म्हणाली, यात तर काहीच खराब लिहिलेलं नाही. गर्भाशय नेहमीच्या मापाचं आहे, गाठ नाही. जंतुसंसर्ग असणार, त्याला गोळ्या असतात. काढल्यानंतरच्या तपासणीचा कागद कुठंय? मी म्हणाले, पुरली. तिला कळलंच नाही. मग मी चिडून म्हणाले, बाई, कागद सोडा, मी स्वतः पाह्यलीय, खराब झालेली होती. तिनं फाईल मिटली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही याआधी कधी निरोगी गर्भाशय पाहिलंय का?"

नव्हतं पाहिलं. कुठून पाहणार? ट्रेमधली कशी दिसत होती ते मी सांगितलं, तर ती म्हणाली, निरोगीही तसंच दिसतं, रक्त सुकलं की काळपट पडतं. मी फाईल काखेत मारून बाहेर आले आणि एसटीच्या थांब्यावर दोन गाड्या सोडून दिल्या.

घरी येऊन मी गप्प बसले. एक नाही, दोन महिने. दळण दळलं, लेकरांची वजनं घेतली, धाकटीच्या गुडघ्यांना तेल चोळलं. तिचा एकच आधार होता, की गेलं ते वाईट होतं म्हणून गेलं. तो काढून घेऊन मी तिला काय देणार होते? असं मी स्वतःला समजवायची. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. जन्मभर लोकांना विचारत आले, कुणी पाह्यलं, कुणी सांगितलं, गोष्टीचं टोक कधी हाती लागायचं नाही. या गोष्टीचं टोक लागलं होतं. ते माझ्याच दारात होतं.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी मागच्या आळीतली बाई आपल्या सुनेला घेऊन आमच्याकडं आली. पोर तेवीस वर्षांची, कडेवर एक लेकरू. तिलाही पांढरं जात होतं, तिलाही काढायला सांगितलेली, आणि ट्रक यायच्या आत ऑपरेशन उरकायचं सासूच्या मनात होतं. पण पोर तयार नव्हती. सासू म्हणाली, बाई, तुमीच हिला समजवा. मी काही बोलायच्या आत धाकटीनं सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं आणि त्या पोरीला सांगायला लागली. घाबरू नको. माजीबी सडली व्हती. ठेवली असती तर मी आज नसते. अक्कानं डोळ्यानं पाह्यलीय, इचार तिला.

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. पोरीचे डोळे तर असे, की मी हो म्हणाले असते तर ती तिथूनच दवाखान्यात गेली असती. मला पळून जावंसं वाटलं. धाकटीच्या तोंडाकडं न बघता मी बोलले.

"मी पाह्यली. पण ती सडलेली नव्हती. चांगली होती. मला चांगली कशी असते तेच माहीत नव्हतं."

मग जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलंय, डॉक्टरीणबाई काय म्हणाली, गोळ्यांनी बरं होतं. पोरीला म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात जा, मी येते संगं. सासू तोंडाला पदर लावून उठली आणि सुनेचा दंड धरून निघून गेली. घरात आम्ही दोघी राहिलो.

धाकटीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनं."

"तिनं माजी पाह्यली व्हती का?"

"नाही."

"मंग अफवा हाय," ती म्हणाली आणि सूप उचलून पाखडायला लागली.

माझाच नियम, माझ्याच शब्दांत. त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, लेकरांना हाक मारली. काही झालंच नाही असं वागली. मला वाटलं, बरं झालं, नाही विश्वास ठेवला. तिचा आधार तिच्यापाशी राहिला. मी किती सहज सुटले असं वाटून घेतलं, त्याची आता लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्या पोरीची सासू अंगणवाडीत आली. सून सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही माझं ऐकलंत, बरं झालं. ती म्हणाली, तुमचं कुठं ऐकलं? तुमी आधी एक सांगितलं, मंग दुसरं सांगितलं, तुमचं काय धरायचं? तुमची जाऊ आलती आमच्या दारात.

मला खरं वाटेना. म्हटलं, ती आली होती? तुम्ही स्वतः ऐकलं?

"मंग? माझ्याच उंबऱ्यात उभी व्हती. म्हणली, सुनेला नेऊ नका. माजी चांगली व्हती, मला लई आधीपासून वाटत व्हतं. पण अक्कानं पाह्यली म्हणल्यावर मी काय बोलणार."

आढीची गोष्ट सांगणारी म्हातारी एकटी नव्हती. माझ्याच घरात, माझ्या ताटाशेजारी जेवणाऱ्या बाईलाही वाटत होतं. आणि वाटायला काय जातंय, असं मी म्हणायची म्हणून ती तोंड मिटून ऑपरेशनच्या टेबलावर चढली होती. बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

मी तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज ती काहीतरी काम काढून उठायची. तशात दिवाळी झाली. ट्रक आला त्या सकाळी मी लेकरांच्या शाळेचे डबे भरत होते. बाहेर येऊन बघते तर ट्रकपाशी त्यांची बोचकी, पेटी, पाण्याचे ड्रम, आणि ड्रमांच्या शेजारी मुलगी स्वेटर घालून उभी. मुलगा आधीच वर चढून बसला होता.

मी विचारलं, ही कुठं निघाली? धाकटी म्हणाली, यंदा नेते संगं. शाळेचं काय, मी म्हणाले, थंडीत पालात कशी राहतील, मी आहे ना इथं.

तिनं मुलीला वर उचलून दिलं. गुडघे दुखत असताना एकटीनं उचललं, मला हात लावू दिला नाही. मग माझ्याकडं वळली.

"तू हायस, अक्का," ती म्हणाली. "पण आता मीच बघत जाईन."

दोन्ही डबे भरलेले माझ्या हातात होते. ते मी वर दिले. मुलानं घेतले.